नवशिक्यांचा हिवाळा

आमची एक माजी विद्यार्थिनी गेली काही वर्षे म्युनिकला असते. दिवाळीनंतर तिचे पत्र आले. फेब्रुवारीत तिच्या मुलीच्या शाळेला आठवडाभर सुट्टी असते आणि त्या सुट्टीत नवरा, बायको व नऊ वर्षांची मुलगी असे तिघेजण आयुष्यात पहिल्यांदाच स्की शिकायला जाणार आहेत. गाव ठरले आहे: ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, मोंताफोन खोऱ्यातले श्रुन्स. घरगुती खानावळीसारख्या एका छोट्या हॉटेलात खोली, रविवार ते शुक्रवार शिकाऊंचा वर्ग, स्की आणि बूट भाड्याने, लिफ्टचा पास, विमा, असा सगळा आराखडा तिने व्यवस्थित लिहून पाठवला होता. पहिल्या दिवशी उतारावर चढायचीही गरज नसते. सरकत्या पट्ट्यावर नुसते उभे राहायचे, आणि त्या पट्ट्याला तिकडे ‘जादूचा गालिचा’ म्हणतात, हेही तिने कौतुकाने कळवले होते. पत्राच्या शेवटी प्रश्न होता : “सर, मॅडम, तुम्ही आम्हाला हेमिंग्वे शिकवताना श्रुन्सचे नाव घेतले होते. तिथे काय बघू?”

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. बर्फ आम्ही पाहिला तो रसवंतीच्या गाड्यावर. मराठीत त्याला हिम म्हणा, बर्फ म्हणा, तुषार म्हणा, भुरभुरून पडणारे ते आणि गोठून घट्ट झालेले ते, यांतला फरक आपल्या भाषेला रोजच्या व्यवहारात कधी करावाच लागला नाही. स्की शिकण्याबद्दल सल्ला देण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण तौलनिक साहित्याच्या पेपरसाठी ‘अ मूव्हेबल फीस्ट’ आम्ही बरीच वर्षे वर्गात वाचत आलो, आणि या पत्राच्या निमित्ताने ते प्रकरण पुन्हा उघडले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आपण हे प्रकरण नीट शिकवलेले नाही. प्रस्तुत लेखाचे कारण तेवढेच.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. स्कीवर चालणे हे उत्तरेकडच्या देशांत फार प्राचीन. पण स्की ‘शिकायला’ सुट्टी काढून जाणे ही जेमतेम सव्वाशे वर्षांची रीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत आल्प्समधील शेतकऱ्याला हिवाळा म्हणजे दार लावून बसण्याचा काळ. पाहुणे यायचे ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात मुक्काम करीत ते प्रामुख्याने क्षयाचे रोगी, कारण डोंगरावरची कोरडी थंड हवा फुप्फुसांना मानवते अशी त्या काळच्या वैद्यकाची श्रद्धा होती. स्वित्झर्लंडमधील दावोस हे गाव त्या श्रद्धेवरच वाढले.

आर्थर कॉनन डॉइल दावोसला गेला तो याच कारणाने. त्याची पत्नी लुईझा हिला १८९३ साली क्षयाचे निदान झाले होते. डॉइलला स्वस्थ बसणे ठाऊक नव्हते. त्याने नॉर्वेहून स्की मागवल्या आणि दावोसच्या ब्रँगर बंधूंकडून धडे घेतले. हे ब्रँगर बंधू स्वतःही नवशिकेच. गावकऱ्यांच्या टिंगलीच्या भीतीने ते अंधार पडल्यावर सराव करीत, असे सांगितले जाते. मार्च १८९४ मध्ये या तिघांनी मायेनफेल्डर फुर्का ही सुमारे २४४० मीटर उंचीची खिंड ओलांडून आरोसा गाठले. वाटेत एका तीव्र उतारावर डॉइलच्या स्की निसटून पुढे गेल्या आणि उरलेला उतार त्याने आपल्या ट्वीडच्या विजारीवर बसून पार केला. आरोसाच्या हॉटेलात नोंदवहीतील व्यवसायाच्या रकान्यात टोबियस ब्रँगरने त्याच्या नावापुढे ‘खेळाडू’ असे मोडक्यातोडक्या शब्दांत लिहिले, याचा डॉइलला फार आनंद झाला. शेरलॉक होम्सच्या जनकाला! त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात त्याने या प्रवासावर लेख लिहिला आणि एक दिवस शेकडो इंग्रज स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील असे भाकीत करून ठेवले. त्याच्या सगळ्या भाकितांत हे बहुधा सर्वांत बिनचूक ठरले.

पण डॉइलला पद्धतशीर शिकवणारे कोणी नव्हते. शिक्षक ही संस्था ऑस्ट्रियात जन्मली. व्हिएन्नाच्या नैर्ऋत्येला असलेल्या लिलिएनफेल्ड येथे माथिआस झ्दार्स्की या विक्षिप्त, एकांतप्रिय माणसाने स्की आखूड केली, तिला धातूची घट्ट बांधणी दिली, आणि तीव्र उतारावर वळावे व थांबावे कसे याचे पुस्तक १८९६-९७ च्या सुमारास छापले. तो शेकडोंना रांगेत उभे करून शिकवी आणि पैसे घेत नसे. १९१६ साली तो हिमस्खलनात सापडला, शरीरातील जवळपास ऐंशी ठिकाणची हाडे मोडली, तरी तो वाचला आणि १९४० पर्यंत जगला.

शिक्षकानंतर आला सुट्टी विकणारा. हेन्री लन हा इंग्रज मेथडिस्ट मिशनरी डॉक्टर १८८७ साली मद्रासला आला, वर्षभरात प्रकृतीच्या कारणाने परतला, आणि पुढे सहलींच्या धंद्यात शिरला. (त्याचा मुलगा आर्नल्ड, आधुनिक स्लॅलम शर्यतीचा जनक, याचा जन्म १८८८ साली मद्रासचा. आल्प्सच्या इतिहासात मद्रास असे अचानक भेटते.) विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हेन्री लनने एक क्लब काढला, आणि त्याच्या नावाखाली स्विस गावांतील हॉटेलेच्या हॉटेले हिवाळ्यासाठी राखून घेतली. सभासद कोण? इंग्लंडच्या प्रतिष्ठित खाजगी शाळांतून शिकलेले आणि तत्सम. म्हणजे नवशिक्यांची सुट्टी जन्मली तीच दारावर पाटी घेऊन. कोण शिकू शकेल, हा प्रश्न ‘कसे शिकावे’ या प्रश्नाच्या बरोबरीनेच जन्माला आला. पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी हे ध्यानात असू द्यावे.

आता १९२४ च्या हिवाळ्याकडे येऊ.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात टोमास मानची ‘द मॅजिक माउंटन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक हान्स कास्टोर्प दावोसच्या आरोग्यधामात आजारी मावसभावाला भेटायला म्हणून तीन आठवड्यांचा बेत आखून येतो आणि सात वर्षे राहतो. सुट्टीच्या नियोजनाचे यापेक्षा मोठे फजितीचे उदाहरण साहित्यात शोधून सापडणार नाही. या कादंबरीतील ‘हिम’ हे प्रकरण पुष्कळांनी स्वतंत्रपणे वाचले असेल. कास्टोर्प तिथे स्की विकत घेतो, आरोग्यधामाच्या नियमांत असले खेळ बसत नसल्याने चोरून सराव करतो, आणि थोडेबहुत जमू लागताच एकटाच वर निघून जातो. वादळ उठते. तो गोल गोल फिरून पुन्हा त्याच गवताच्या झोपडीपाशी येतो, तिच्या आडोशाला उभ्याउभ्या त्याला ते प्रसिद्ध स्वप्न पडते, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसेपर्यंत स्वप्नाचा अर्थ पुसट होऊ लागलेला असतो. या प्रकरणावर तत्त्वज्ञानाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला या वेळी त्यातला नवशिका दिसला. शिक्षकावाचून शिकलेला, थोडक्या कौशल्याने धीट झालेला, आणि कुठे जातो हे कुणालाही न सांगितलेला. कोणताही स्की-शिक्षक हे प्रकरण धोक्याच्या सूचनेसारखे वाचील.

पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९२४ मध्ये, हेमिंग्वे पत्नी हॅडली आणि लहानग्या मुलासह श्रुन्सला उतरला. ब्लुडेंझपर्यंत मुख्य रेल्वे आणि तिथून खोऱ्यातली छोटी गाडी. ती १९०५ साली सुरू झाली आणि आमची विद्यार्थिनीही तिनेच जाणार आहे. ‘टाउबे’ नावाच्या हॉटेलात तिघांचा खर्च दिवसाला सुमारे दोन डॉलर येई, असे त्याने लिहून ठेवले आहे. युद्धानंतर ऑस्ट्रियन चलन कोसळले होते, आणि पॅरिसमध्ये काटकसरीने राहणाऱ्या अमेरिकन लेखकाला तो आल्प्समधील हिवाळा पॅरिसपेक्षा स्वस्त पडत होता. आज स्की म्हटले की श्रीमंती डोळ्यांपुढे येते. येथे मात्र गरीब लेखक स्वस्ताईसाठी स्कीच्या गावी जातो. अर्थात ती स्वस्ताई कुणाच्या तरी बुडालेल्या ठेवींवर उभी होती.

पॅरिसच्या आठवणींचे हे पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर, १९६४ साली आले. मूळ आवृत्तीचे शेवटचे प्रकरण श्रुन्सचे आहे. त्यात वाल्टर लेंट नावाचा शिक्षक येतो. हा लेंट एकेकाळी आर्लबर्गच्या हान्नेस श्नायडरबरोबर स्कीला लावायचे मेण तयार करण्याच्या धंद्यात भागीदार होता, असे हेमिंग्वे सांगतो. त्याची पद्धत अशी, की शिकाऊंना सरावाच्या उतारांवर फार काळ रेंगाळू द्यायचे नाही; लवकरात लवकर उंच डोंगरांत न्यायचे. लिफ्ट नव्हती. जेवढे उतरायचे तेवढे आधी चढायचे. लाकूडतोड्यांच्या आणि गुरांच्या वाटांनी स्की खांद्यावर घेऊन चालायचे, बर्फ खोल झाला की स्कीच्या तळाला सीलचे कातडे बांधायचे. त्याची लव एका दिशेने असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढण्यातूनच उतरण्यासाठी पाय तयार होत. जायबंदी झाल्यास उचलून आणणारे पथक नव्हते, त्यामुळे पाय मोडणे कुणालाच परवडत नसे. १९८६ मीटरवरच्या माडलेनरहाउस या निवाऱ्यापर्यंत अशा फेऱ्या होत.

हे वर्णन विलक्षण प्रसन्न आहे. पण त्यात सावल्या आहेत. तो हिवाळा हिमस्खलनांचा होता. लेंटच्या ओळखीची जर्मन मंडळी आर्लबर्गमधील लेख येथे आली. उतार धोक्याचे आहेत असे लेंट सांगत असता त्यांनी आग्रह धरला. तेरा जणांना बर्फातून उकरून काढले, त्यांतले नऊ मेलेले होते. त्यानंतर शाळेत शिकायला फारसे कोणी उरले नाही. १९३६ सालच्या ‘द स्नोज ऑफ किलिमांजारो’ या कथेत मरणाच्या दारी असलेल्या नायकाला हेच खोरे आठवते: बर्फाने आठवडाभर निवाऱ्यात कोंडलेली मंडळी, कंदिलाच्या उजेडातला पत्त्यांचा डाव, आणि शाळेचे पैसे, हंगामाची कमाई, शेवटी भांडवलही हरून बसलेला लेंट. एका शिक्षकाचे दिवाळे. आम्हा शिक्षकांना ते जास्त लागते, हे कबूल करायला हरकत नाही.

वर्गात आम्ही हे सगळे सांगत आलो. जे सांगितले नाही ते असे.

हेमिंग्वे श्रुन्सला पोचला त्याच डिसेंबरात, १४ तारखेला, म्युनिकमध्ये जर्मन व ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबची खास सभा भरली आणि तिने ‘डोनाउलांड’ ही शाखा क्लबबाहेर काढली. व्हिएन्नातील सर्वांत मोठ्या शाखेने १९२१ साली ज्यूंना सभासदत्व बंद केले, तेव्हा तिथले ज्यू गिर्यारोहक आणि त्यांचे मित्र यांनी ही वेगळी शाखा काढली होती. आता तीही नको झाली. ऑस्ट्रियाच्या स्की महासंघाने तर १९२३ मध्येच ‘आर्यां’पुरते दार ठेवले होते. आल्प्समधील डोंगरी निवारे बहुतांशी याच आल्पाइन क्लबच्या शाखांचे. त्यांच्यापैकी काहींच्या दारांवर ज्यूंनी येथे येऊ नये असे फलक लागले. लक्षात घ्यावे, हिटलर सत्तेवर यायला अजून आठ वर्षे होती. त्या डिसेंबरात तो तुरुंगातच होता.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक अस्वस्थ करते. १९२५-२६ च्या हिवाळ्यात श्रुन्सलाच हेमिंग्वेने ‘द सन ऑल्सो रायझेस’चे पुनर्लेखन केले. त्या कादंबरीत रॉबर्ट कोन हा ज्यू तरुण आहे. मित्रांच्या टोळक्यात तो आहे पण त्यांच्यातला नाही; त्याच्या ज्यूपणावरचे टोमणे पानोपानी आहेत. खोऱ्यातल्या हवेमुळे कोन तसा झाला असे आम्ही म्हणणार नाही. ते हास्यास्पद होईल. तो पूर्वग्रह पॅरिसमधील अमेरिकनांना आयात करावा लागत नव्हता. परंतु एकाला बाहेर ठेवून बाकीच्यांनी मजेत सुट्टी घालवायची ही गोष्ट ज्या गावात बसून घासूनपुसून तयार झाली, त्या गावाच्या वरच्या डोंगरांत त्याच काळात तेच घडत होते, हे आम्ही दोन स्वतंत्र व्याख्यानांत कधी जोडून पाहिले नाही. एका व्याख्यानात कोन, दुसऱ्यात बर्फ. अभ्यासक्रमाचे तास तसे पडत होते, एवढीच सबब.

श्रुन्सहून आर्लबर्ग पर्वताच्या पलीकडे सेंट अँटन. लेंटचा तो जुना भागीदार हान्नेस श्नायडर याची कर्मभूमी ही. १८९० साली श्टुबेन गावात जन्मलेला श्नायडर १९०७ पासून सेंट अँटनच्या हॉटेल पोस्टमध्ये पाहुण्यांना शिकवू लागला. पहिल्या महायुद्धात त्याने डोंगरी पलटणींना शिकवले आणि नंतर, १९२१-२२ च्या सुमारास, आपली शाळा सुरू केली. त्याचा शोध तंत्राचा होता तितकाच इयत्तांचा होता. शिकाऊची चाचणी घ्यायची, त्याला योग्य त्या गटात घालायचे, सर्व शिक्षकांनी एकच पद्धत एकाच क्रमाने शिकवायची आणि प्रगती झाली की वरच्या गटात चढवायचे. सुरुवात ‘नांगरा’ने. स्कीची टोके पुढे जुळवायची आणि मागच्या बाजू फाकवायच्या, की वेग आवरतो. त्या आकाराला जर्मनमध्येही नांगरच म्हणतात, आणि आजही पहिल्या दिवशी हेच शिकवले जाते. आमच्या विद्यार्थिनीच्या आराखड्यातला रविवार ते शुक्रवारचा वर्ग हा अशा रीतीने श्नायडरचा वारसा आहे. झ्दार्स्कीने स्की शिकवता येते हे दाखवले. श्नायडरने तिची शाळा केली.

१९३१ साली आर्नोल्ड फांकच्या ‘डेर वायसे राउश’ या बोलपटात श्नायडर शिक्षक म्हणून पडद्यावर आला. त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा धडपडणारी, हसत उठणारी नवशिकी तरुणी होती लेनी रीफेनश्टाल. चार वर्षांनी हिटलरच्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावरचा चित्रपट घेऊन येणार होती तीच. बोलपट खेळकर आहे. आज तो पाहताना खेळकरपणे पाहता येत नाही.

सेंट अँटनच्या कथेत आणखी एक माणूस आहे आणि तो बराच काळ कथेबाहेर राहिला. रुडोल्फ गॉम्पर्त्स हा व्हिएन्नाचा इंजिनियर १९०५ साली प्रकृती सुधारावी म्हणून तिथे आला आणि तिथलाच झाला. जन्माने ज्यू, धर्माने प्रोटेस्टंट. गावाचे प्रवासी मंडळ, हिवाळी पाहुण्यांसाठी जाहिरात, स्कीचे वर्ग, १९३७ साली सुरू झालेला गाल्त्सिगचा रज्जुमार्ग, या सगळ्यांमागे त्याची खटपट होती. श्नायडर उतारावर शिकवी. त्या उताराशी माणसे यावीत याची व्यवस्था गॉम्पर्त्स करी. नवशिक्याची सुट्टी आखण्याचे काम आज आपण संगणकापुढे बसून करतो, ते काम त्याने एका अख्ख्या गावासाठी केले.

मार्च १९३८ मध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. नाझींना उघड विरोध करणाऱ्या श्नायडरला त्याच रात्री पकडून लांडेकच्या तुरुंगात टाकले. आर्नल्ड लनने त्या महिन्यात सेंट अँटनला होणारी शर्यत रद्द करून निषेध नोंदवला. श्नायडर पुढे गार्मिशला नजरकैदेत होता. न्यू हॅम्पशरमधील नॉर्थ कॉनवे हे गाव हार्वी गिब्सन या न्यूयॉर्कच्या बँकरचे जन्मगाव. त्याला तिथे स्कीचे केंद्र उभारायचे होते, आणि जर्मन सरकारशी असलेल्या आर्थिक व्यवहारांतील आपले वजन वापरून त्याने श्नायडरची सुटका करवली. फेब्रुवारी १९३९ मध्ये श्नायडर तिथे पोचला, आणि १९५५ साली मृत्यू येईपर्यंत अमेरिकन नवशिक्यांना शिकवत राहिला.

गॉम्पर्त्ससाठी कुणाचे वजन कामी आले नाही. पत्नीने आपली मुले त्याची नव्हेतच असे सांगून त्यांना वाचवले. मे १९४२ मध्ये त्याला व्हिएन्नाहून मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तेनेत्स येथे नेण्यात आले आणि तिथे त्याची हत्या झाली. टिरोलचा नाटककार फेलिक्स मिटरर याने १९८७ साली ‘काइन श्योनर लांड’ या नाटकात त्याच्या नियतीवरून प्रेरणा घेतली, तेव्हा त्याच्याबद्दल मोठ्याने बोलले जाऊ लागले. आम्हाला हा माणूस आधी ठाऊक नव्हता. श्रुन्सचे प्रकरण शिकवून वीस वर्षे होत आली, तरी लेंटच्या भागीदाराच्या नावापलीकडे एक पाऊल टाकून पाहिले नव्हते.

विद्यार्थिनीला आम्ही लांबलचक उत्तर लिहिले. टाउबे बघ, हे लिहिले. स्की विकत घेऊ नका, कास्टोर्पची गत आठव, हेही लिहिले. मुलीला एकदा तरी जादूचा गालिचा सोडून स्की खांद्यावर घेऊन थोडे चढू द्यावे, म्हणजे उतार किती मोठा असतो ते तिला कळेल. बीलरह्योहेला गेलात तर तिथले विस्तीर्ण सरोवर हेमिंग्वेने पाहिलेले नाही. ते धरणाचे पाणी आहे, धरणाचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चालू होते आणि ते बांधताना वेठबिगार कामगार व युद्धकैदी राबवले गेले. आणि बुधवार मोकळा ठेव, ब्लुडेंझला गाडी बदल, बोगद्यातून सेंट अँटनला जा. तिथे श्नायडरचा पुतळा सहज दिसेल, गॉम्पर्त्सच्या स्मरणाची शिळाही आहे, ती विचारत विचारत शोध.

तिचे उत्तर दोन दिवसांत आले. बुधवारी वर्ग बुडवला तर मुलीला वरच्या गटात घेत नाहीत, तेव्हा बुधवार शक्य नाही. मात्र म्युनिकची परतीची तिकिटे तिने आता इन्सब्रुकमार्गे काढली आहेत, आणि शनिवारी सेंट अँटनला तीन तास मिळतात. शिळेवर काय लिहिले आहे ते उतरवून पाठवते, असे तिने कळवले आहे.